मांडवा ते मालवण : सोलरच्या प्लेटा बघत

शनिवार : भाऊचा धक्का, मांडवा, अलिबाग

रो-रोत गाडी चढली तेव्हा डिकीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मल्टिमीटर, तापमान मोजायची गन आणि काळ्या शीटची एक गुंडाळी होती. भाचा चिपळूणला सोलर बसवायचं काम करतो. पाऊस लागायच्या आत किनाऱ्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या प्लेटा एकदा बघून यायच्या, हे त्याचं मे अखेरचं ठरलेलं काम. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालोय आणि पातळ थराच्या सोलरबद्दल जे मिळेल ते वाचत असतो. "मामा, वाचून पोट भरलं असेल तर आता छपरावर चढा," असं त्याचं आमंत्रण होतं.

ती गुंडाळी त्याला एका प्रदर्शनात नमुना म्हणून मिळालेली. तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांच्या संयुगाचा थर, खाली पातळ धातूचा पत्रा, वर प्लास्टिक. बोटीवर शेजारच्या एका गृहस्थांनी हात लावून विचारलं, "हे खरंच वीज करतं?" करतं, आणि त्यात वीज करणारा थर जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. नेहमीच्या प्लेटेत सिलिकॉनच्या चकत्या दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतात, कारण सिलिकॉन उजेड शोषायला आळशी आहे, त्याला जाडी लागते. कॅडमियम टेल्युराइड किंवा हे तांबं-इंडियमवालं संयुग तोच उजेड मायक्रॉनभर जाडीत पिऊन टाकतं. म्हणून स्फटिक वाढवा, कापा, घासा, जोडा ही सगळी उठाठेव वाचते. काचेवर वाफेने थर बसवायचा आणि लेझरने रेघा मारून त्याचेच सेल पाडायचे.

अलिबागला चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणाशी उगाच थांबलो. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमापं बिघडतील म्हणून कुलाब्याची ही वेधशाळा १९०४ मध्ये इकडे आणली. विजेला भिऊन एक संस्था रायगडात आली, आणि आता आजूबाजूच्या प्रत्येक फार्महाउसवर वीजघर आहे.

रविवार : काशीद, मुरूड, आगरदांडा–दिघी, श्रीवर्धन

दुपारी बाराला श्रीवर्धनला एका घराच्या स्लॅबवर होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ ह्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. घरमालक काकांच्या स्लॅबवर तेव्हाही सोलर होता, प्लेटा जागेवर टिकल्याही होत्या, पण उपयोग शून्य. लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. "डोक्यावर ऊन आणि घरात मेणबत्ती," काका म्हणाले. २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगाव प्लेटा चढल्यात, पण ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगणारे कमी. कोकणात तरी बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा असं माझं मत आहे. तो महाग पडतो, हे मान्य.

भाच्याने प्लेटेच्या पाठीला गन लावली. ६२ अंश. प्लेटेवर लिहिलेले वॅट हे २५ अंशांचे असतात, आणि २५ अंशांची सोलर प्लेट मे महिन्यात कोकणात कुणी बघितलेली नाही. साध्या सिलिकॉनची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उतरते. म्हणजे इथे १३ टक्के गेलेच. कॅडमियम टेल्युराइडची घसरण ०.३ च्या आसपास, अस्फटिक सिलिकॉनची ०.२ च्या. इथे पातळ थरवाले जिंकतात असं मी भाच्याला ऐकवायला लागलो, तर त्याने मोबाइलवर टॉपकॉन नावाच्या नव्या प्रकारच्या सिलिकॉन प्लेटेचा तक्ता काढला. तीही ०.३ वर आलेली. म्हणजे उष्णतेचा हा फायदा आता कॅडमियमवाल्यांनी मिरवण्याइतका उरलेला नाही.

श्रीवर्धनच्या खानावळीत सुरमई छान होती, सोलकढी पाणचट.

सोमवार : बागमांडला–वेसवी, केळशी, हर्णै

सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. केळशीत एक आजी एकट्या राहतात, मुलगा ठाण्याला. मुलाला घरावर सोलर हवा, आजींना नको. घर कौलारू, चौपाखी, वासे सागवानी. "नळे फुटतील हो बाळा," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते बिनतोड आहे.

लोकांना वाटतं, अडचण वजनाची आहे. साधी मोठी प्लेट २८ किलोपर्यंत भरते, चौरस मीटरला अकरा-एक किलो. कौलांचंच वजन त्याच्या तिप्पट-चौपट असतं. वासे तेवढा भार सोसतील. खरी भानगड अशी, की सांगाडा वाशाला बोल्ट करायचा तर कौलं काढावी लागतात, भोकं पडतात, आणि दर वर्षी पावसाआधी कौलं परतायची तर प्लेटांखाली माणूस शिरणार कसा? वर वानरांच्या उड्या. इथे मी मोठ्या ऐटीत आमची गुंडाळी उलगडली. हिचं वजन चौरस मीटरला दोन-तीन किलो, चिकटवायची की झालं. भाचा हसला. कौल वळणदार, शेवाळलेलं, पावसात पाणी पिणारं. त्याला चिकटणार काय? आणि एखादं कौल बदलायचं तर शीट फाडायची का?

मग मागच्या पडवीकडे गेलो. तिच्यावर निसर्ग वादळानंतर रंगीत पत्रे घातलेले. असे पत्रे आता दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे घरटी दिसतात. ही जागा मात्र त्या शीटसाठीच केल्यासारखी: सपाट पन्हळ, ओतलेला रंग, खाली हलकी लोखंडी कैची जिला काचेचं ओझं नकोच. शीट पत्र्याला चिकटली की खालून वारा नाही, ती जास्त तापेल, तेवढा तोटा धरायचा. जागाही जास्त लागते. चांगल्या काचेच्या प्लेटेत एक किलोवॅट साडेचार चौरस मीटरमध्ये बसतो, दहा-बारा टक्केवाल्या लवचीक शीटला आठ ते दहा लागतात. आजींनी मोठ्या पडवीकडे आणि छोट्या शीटकडे आळीपाळीने बघितलं आणि कोकम सरबत आणलं. विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी हर्णै बंदरात मासळीचा लिलाव. किनाऱ्यावर बैलगाड्या, टोपल्या, आरडाओरडा, बर्फाचे ट्रक. एका व्यापाऱ्याच्या खिशातून कॅल्क्युलेटर निघाला, वर ती तपकिरी-काळी पट्टी, आणि मी भाच्याला कोपर मारलं. ह्या किनाऱ्यावर सगळ्यांत आधी आलेलं पातळ थराचं सोलर ते. अस्फटिक सिलिकॉन: डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर रोन्स्की यांनी अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये त्याचा सेल जाहीर केला, तेव्हा तो दोन-अडीच टक्क्यांचा होता. पुढच्याच वर्षी कळलं की उन्हात ठेवल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याची ताकद उतरते. त्या दोषाला एका शोधकाचंच नाव चिकटलं: स्टेब्लर-रोन्स्की परिणाम. छपरावर तो टिकला नाही. पण ट्यूबलाइटच्या फिक्या उजेडात दोन आकड्यांचा गुणाकार करायला त्याच्यासारखा दुसरा नाही, म्हणून गेली चाळीस वर्षं बाजारात आहे. व्यापाऱ्याने हिशेब संपवून आमच्याकडे संशयाने पाहिलं. त्याला वाटलं असणार, आम्ही पापलेटचा भाव पाडायला आलोय.

मंगळवार : दाभोळ–धोपावे, गुहागर

दाभोळच्या फेरीबोटीतून वाशिष्ठीचं मुख ओलांडताना कोयनेची आठवण होतेच, कारण घाटमाथ्यावरचं ते पाणी वीज करून ह्याच नदीत सोडलेलं असतं. पलीकडे अंजनवेलला दाभोळचा गॅसवरचा वीज प्रकल्प, एके काळी एन्रॉनचा. त्यावरून इतकं राजकारण झालं की नाव काढलं तरी गुहागरात अजून दोन तट पडतात. मी काढलं नाही.

गुहागरला काम होतं माडांच्या वाडीतल्या घराचं. तक्रार अशी, की दुपारी तीननंतर युनिटं पडतच नाहीत. वर चढलो तर कारण समोरच: एका माडाची झावळ, तिची सावली प्लेटांवर झुलतेय. सावली हाताच्या पंजाएवढी, पण तोटा एक तृतीयांश प्लेटेचा. जुन्या पद्धतीच्या ह्या प्लेटेत साठ सेल एका माळेत, माळेचे तीन भाग, प्रत्येक भागाला एक बायपास डायोड. एक सेल काळोखात गेला की त्याच्यातून बाकीच्यांचा प्रवाह जाईना, मग डायोड तो अख्खा वीस सेलचा भागच वगळून टाकतो.

कोकणात ऊन सरसकट पडत नाही, ते माडांमधून गाळून पडतं. म्हणून मला पातळ थराची रचना इथे फार आवडते. तिच्यातले सेल चौकोनी नसतात. लेझरने पाडलेल्या बोटभर किंवा त्याहून अरुंद, प्लेटेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या पट्ट्या असतात. सावली सगळ्या पट्ट्यांना आडवी गेली तर प्रत्येकीचा थोडा-थोडा भाग झाकतो आणि वीज तेवढीच कमी होते, जास्त नाही. पण तीच सावली पट्टीच्या लांबीत बसून एखादी पट्टी पूर्ण झाकली, तर इतर पट्ट्या तिच्यातून उलटा दाब टाकतात आणि ती कायमची जळूही शकते. म्हणजे माड कुठे, सूर्य कुठून जातो हे बघून प्लेट उभी लावायची की आडवी हे ठरवायचं. आम्ही अंगणात शीट पसरून, सुपाने सावली पाडून, मीटर लावून हे दोन्ही प्रकार बघितले. घरातली मुलं, शेजारी, एक कुत्रा असा बराच प्रेक्षकवर्ग जमला. आडव्या सुपाला आकडा थोडा उतरला, उभ्या सुपाला धाडकन.

तक्रारीवर उपाय मात्र पुष्कळ जुना निघाला. पाडेलीला बोलावून त्या बाजूच्या झावळ्या उतरवल्या.

बुधवार : तवसाळ–जयगड, रत्नागिरी

जयगडला उतरलो आणि आभाळ भरून आलं. गणपतीपुळ्यापर्यंत टपोरे थेंब, रत्नागिरीत पोचेपर्यंत झोड. वळवाचा होता, पण दिवस गेला. खोलीत लाईट नव्हती आणि गप्पांना पेरोव्स्काइट ह्या नव्या सोलर पदार्थाशिवाय विषय नव्हता.

त्याची गोष्ट आहेच तशी. हे नाव मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचं. त्याच ठेवणीचे, पण प्रयोगशाळेत केलेले शिसे आणि आयोडीनचे स्फटिक घेऊन जपानात त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये ३.८ टक्क्यांचा सेल केला. दीड दशकात ती मजल २६ च्या पुढे गेली. सिलिकॉनला इतकं अंतर तोडायला कितीतरी जास्त वर्षं लागली. त्याहून मोठी गंमत जोडीत आहे: वर पेरोव्स्काइटचा थर, जो निळा-हिरवा उजेड घेतो, खाली सिलिकॉन, जो उरलेला तांबडा आणि अवरक्त (इन्फ्रारेड) घेतो. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के, चीनच्या लाँगी कंपनीने ह्या जोडीतून २०२४ मध्ये ३४.६ टक्के काढून दाखवले. त्याच वर्षी ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने अशा जोड-प्लेटांची पहिली विक्री केली, २४.५ टक्केवाल्या. आपल्याकडे पवईला आयआयटीत २०१० पासून फोटोव्होल्टाइकचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथेही ह्या जोडीवर काम चालू आहे, आणि देशभरच्या जुन्या प्लेटा फिरून तपासण्याचं कामही त्याच केंद्राने केलंय. माझ्या मते हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

"मग आणा की," भाचा म्हणाला. आणणार कसं? हे स्फटिक म्हणजे शेवटी एक क्षारच. ओल लागली की काळा थर पिवळा पडतो. तो पिवळा पदार्थ म्हणजे शिशाचं आयोडाइड. प्लेटांची दमट-उष्ण चाचणी ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत एक हजार तास चालते. तापमानाचं सोडा, पण ८५ टक्के आर्द्रता म्हणजे आमचा नेहमीचा पावसाळा, आणि तो हजार तासांत संपत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात पहिली प्लेट माझ्या घरावर नको.

काच पाणी आत घेत नाही, प्लास्टिक कणाकणाने घेतं. लवचीक शीटची सगळी मेख तिथे आहे. ओल अडवणारी चांगली फिल्म महाग, स्वस्त फिल्म घातली तर कडेने सुरुवात होते. तांबं-इंडियमवाल्यांचं गणित बसलं नाही ते मुख्यतः सिलिकॉन भराभर स्वस्त झाल्यामुळे. अमेरिकेतली सॉलिंड्रा कंपनी २०११ मध्ये बुडाली, जपानच्या सोलर फ्रंटियरने २०२२ मध्ये ती प्लेट बनवणं थांबवलं.

गुरुवार : विजयदुर्ग, देवगड

विजयदुर्गला किल्ल्यात 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इथून सूर्याचा वर्णपट पाहून लॉकियर ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हेलियम शोधला, असं सांगतात आणि त्या तारखेला इथे हेलियम दिनही होतो. गावाचा अभिमान मी मोडत नाही, पण लॉकियरने हेलियमची ती पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून पाहिली. ग्रहणाच्या वेळी हिंदुस्थानात होता तो फ्रेंच जान्सेन, तोही तिकडे गुंटूरला.

मला त्या कट्ट्यावर बसून आठवला तो ह्या जान्सेनचा दुसराच उद्योग. सूर्याच्या वर्णपटातल्या काही काळ्या रेघा सूर्याच्या नसून आपल्याच हवेतल्या वाफेच्या आहेत, हे त्याने १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये वाफेने भरलेल्या लांब नळीतून उजेड पाठवून दाखवलं होतं. पाण्याची वाफ उजेडाचा अवरक्त भाग खाते, ९४० नॅनोमीटरच्या आसपास तर चांगलाच लचका तोडते. आता प्लेटेकडे या. सिलिकॉन ११०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड वापरतं, म्हणजे वाफेने खाल्लेला तो भाग त्याच्या ताटातला. कॅडमियम टेल्युराइड ८५० च्या आसपासच थांबतं, त्याचं फारसं काही जात नाही. प्लेट तपासताना हवेत वाफ किती धरतात? सगळी थिजवली तर दीड सेंटिमीटरच्या आत पाणी होईल एवढी. मे ते सप्टेंबर ह्या किनाऱ्यावर वाफ त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे कागदावर सारख्याच वॅटच्या दोन प्लेटा इथे लावल्या तर पातळ थरवाली काही टक्के पुढे राहते. श्रीवर्धनला हातातून गेलेला मुद्दा इथे परत मिळाला, तोही उष्णतेतून नव्हे, दमटपणातून. भाच्याने हे मान्य केलं आणि लगेच विचारलं, "मिळते कुठे?"

ह्याला माझ्याकडे उत्तर तोकडं होतं. अमेरिकेच्या फर्स्ट सोलरचा कॅडमियम टेल्युराइडचा कारखाना जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत सुरू झाला, वर्षाला ३.३ गिगावॅटच्या प्लेटा बनवण्याचा. काच-काच, आत ओल जायला वाव कमी. पण ह्या प्लेटा जातात मोठ्या मैदानी प्रकल्पांत. महाराष्ट्रातही धुळ्यात साक्रीजवळच्या महानिर्मितीच्या प्रकल्पात पातळ थराचा मोठा हिस्सा आहे. कोरड्या, मोकळ्या माळावर तो बसलाय, आणि जिथे त्याचा जास्त उपयोग त्या कोकणात आठ-दहा प्लेटांचं गिऱ्हाईक कुणाच्या खिजगणतीत नाही.

देवगडच्या पवनचक्क्यांपाशी गाडी थांबवली नाही. आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या, शेवटचा हापूस होता.

शुक्रवार : मालवण

किनाऱ्यावर बोटी वर ओढायची घाई. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पुष्कळ होड्यांच्या केबिनवर आता लवचीक सोलर शीट दिसते, वायरलेस आणि दिव्यांसाठी. त्यातल्या बहुतेक मी हात लावून बघितल्या: आत चौकोनी चकत्या दिसतात, म्हणजे साधं सिलिकॉनच, फक्त काचेऐवजी प्लास्टिकमध्ये. वाकणारी प्रत्येक शीट पातळ थराची नसते. दुकानदार तसं सांगून जास्त पैसे घेतो, एवढं मात्र इथे दोघांनी सांगितलं. खलाशी वर पाय देतात, चकत्यांना बारीक चिरा जातात, दोन पावसाळ्यांत प्लास्टिक पिवळं. आमची शीट एकसारखी काळी, फक्त बारीक रेघांची. एका तांडेलाने ती उचलून बघितली, "ह्येका तर वजनच नाय रे!"

मुक्काम तारकर्लीच्या वाटेवर एका घरगुती हॉटेलात. मालकांना तीन किलोवॅट हवा होता. मी वर्णपट, वाफ, पट्ट्या असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माका ता काय्येक कळणा नाय. पावसात लाईट गेली तर पंखे चलतले काय, ता सांग."

भाच्याने वहीत लिहिलं: स्लॅबवर काचेच्या साध्या सिलिकॉन प्लेटा, पाठीलाही काच असलेल्या, सांगाडा जस्तात बुडवून काढलेला, नटबोल्ट स्टेनलेसचे, हायब्रिड इन्व्हर्टर, रात्रीपुरती बॅटरी, दक्षिणेचा माड तोडायचा नाही, झावळ्या उतरवायच्या. मी यात एका शब्दाचीही भर घालू शकलो नाही. आज पैसे घालायचे तर मीही हेच घेईन.

गुंडाळी मात्र परत नेली नाही. मागच्या पडवीच्या पत्र्यावर ती चिकटवली, कडांना सीलंट भरलं, वायर खिडकीतून आत घेऊन एक छोटा मीटर लावला. दर रविवारी बाराला आकडा बघायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत लिहायचा, असं मालकांच्या मुलीला समजावलं. ती बारावीला आहे, तिने लगेच विचारलं की ढगाळ आणि उन्हाचा रविवार सारखा कसा धरायचा. मग शेजारी एक साधी छोटी प्लेटही लावली, दोघींचं गुणोत्तर लिही म्हटलं.

"आणि वाऱ्यान उडान गेली तर?" मालकांनी विचारलं.

"तर फोन करा," भाचा म्हणाला, "दुसरी मागवायला निमित्त होईल."